वायर होती, भटू

भटू, मी रोज तुझ्या दारावर बसायला येतोय. आपल्याकडची रीतच आहे ती. माणूस गेला की गंधमुक्तीच्या विधीपर्यंत दारासमोर सतरंजी पडते, गावातले पुरुष येऊन बसतात, गेलेल्याविषयी चार शब्द बोलतात आणि उठून आपापल्या कामाला लागतात. गेल्या आठवड्यात तू तुझ्या दुकानात विहिरीवरची जळालेली मोटार उघडून बसला होतास, बसल्या बसल्या मान टाकलीस आणि संपलास. पक्कड हातातच होती म्हणे. तेव्हापासून मी नंदुरबारातलं माझं लाइटच्या सामानाचं दुकान मुलावर सोडून कोरीटला येतो, चपला काढतो आणि भिंतीला टेकून बसतो. मला बघितलं की लोक सरकून जागा करून देतात. भटूचा जिवलग म्हणून. ती जागा मला टोचते.

लोक तुझं चांगलंच बोलतात. ऐन पाण्याच्या पाळीत मोटार जळाली तर भटू पुढ्यातलं ताट सारून यायचा, हे जो तो सांगतो. मग कुणीतरी हळूच म्हणतं, "मजाना मानूस व्हता बर्फ्या." आणि सगळे ओल्या डोळ्यांनी हसतात. छप्पर तापवायची तुझी गोष्ट पुन्हा निघते. कुणी तुझ्यासारखे हात वरखाली करून दाखवतो. मी खाली बघत सतरंजीचे सुटलेले दोरे ओढत बसतो.

बर्फ्या हे नाव तुला दूध डेअरीवरच्या आप्पांनी दिलं. पण एवढी वर्षं ते टिकलं माझ्यामुळे. हे तुला माहीत होतं आणि मला माहीत आहे. तिसऱ्या कुणाला माहीत नाही, आणि तूच ते कुणाला कळू दिलं नाहीस.

आठवतं ना, सुरतचा ठेकेदार आपल्याला म्हणाला होता, मनालीच्या वर एक हॉटेल आहे, छप्पर गळतंय, दोन वायरमन पाहिजेत. आपण त्याच्या तोंडावर हसलो होतो. छप्पर गळतं तर गवंडी ने, वायरमन कशाला? पण आयटीआय करून बसलेली दोन पोरं आपण, डोंगर बघायला मिळतोय म्हणून निघालो. तू स्वेटर घेतलास तो तुझ्या मोठ्या बहिणीचा, गुलाबी. तिथं पोचल्यावर सगळ्यांसमोर तोच घालून फिरलास आणि तुला काडीची लाज वाटली नाही. लाजेचा सगळा साठा माझ्याकडेच होता, तेव्हाही.

तिथला मॅनेजर हिंदीतून समजावत होता आणि माझ्या डोक्यावरून जात होतं. खोल्या आतून गरम, म्हणून छपरावरचा बर्फ खालून वितळतो. ते पाणी उतरत कडेला येतं. कडेखाली खोली नाही, नुसती थंडी, म्हणून तिथं परत गोठतं. गोठून गोठून कडेला बर्फाचा बांध होतो आणि मागचं पाणी तुंबून पत्र्याच्या सांध्यांतून आत गळतं. मी नुसता मान हलवत होतो. तू माझ्याकडे बघून म्हणालास, "आरे, पाटमा पाला अडकना का पानी मांगे वाफामा चढस, तसं." झालं, लख्ख कळलं.

त्यावर उपाय म्हणजे ती वायर. काळी, चपटी, नाडीसारखी. छपराच्या कडेला ती वरखाली, करवतीच्या दातांसारखी बसवायची आणि क्लिपांनी धरून ठेवायची. करंट सोडला की वायर कोमट होते. सगळा बर्फ काही वितळत नाही, पण त्या बांधातून पाण्याला वाट राहते. खरं तर हे काम बर्फ पडायच्या आधी उरकायचं असतं. हॉटेलवाल्याला जाग आली तेव्हा पहिला बर्फ पडून गेला होता, त्यामुळे आपण कमरेला दोर बांधून, फावड्याने कड मोकळी करत करत वायर बसवली. दोन दिवस हात कामाचे राहिले नव्हते. तरी मजा आली, खोटं का बोलू.

आणि कडेपर्यंत वायर बसवून आपण खाली उतरलो. तिथंच घोळ झाला. त्या कडेखाली पत्र्याची पन्हळ होती आणि पन्हळीतून जमिनीपर्यंत पाइप होता. तू विचारलंस, हिच्यातून पण वायर न्यायची का रे? मी म्हणालो, छपरावरून पाणी सुटलं, छपराचं काम संपलं. आपल्या कोरीटात कुठल्या घराला पन्हळ होती? पत्र्यावरचं पाणी थेट गल्लीत पडायचं. पागोळ्यांनी जमिनीवर जी रेघ पडते ती घराची हद्द, त्यापुढचं पाणी गल्लीचं. तेवढीच अक्कल घेऊन मी हिमाचलात गेलो होतो. दुपारी कडेवरून टपटप पाणी सुरू झालं तेव्हा आपण एकमेकांना टाळी दिली. संध्याकाळनंतर तेच पाणी पन्हळीत गोठलं. एक-दोन दिवसांत पन्हळ काठोकाठ बर्फाने भरली, तिच्यावर पुन्हा तसाच बांध, आणि खाली माणसाएवढे बर्फाचे सुळके लोंबायला लागले. मॅनेजर काय बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही.

चूक माझी की आपली, यावर आपण पुढे किती भांडलो. तू म्हणायचास आपली. मीही आनंदाने आपलीच म्हणायचो. पण तू विचारलं होतंस रे. मीच नको म्हणालो होतो. यावर तू कधी नमतं घेतलं नाहीस आणि आता तर भांडण तसंच राहिलं.

पन्हळीतला बर्फ फोडून तिच्यात आणि पाइपात वायर सोडायला पुन्हा वर जावं लागलं. आता पुढचं लिहिताना हात थांबतो. पण तू नाहीस, थांबवायला कुणी नाही.

मी कडेजवळ होतो. पाय सरकला. दोर होता, फार तर वीतभर घसरलो असेन. पण खाली बघितलं आणि माझ्यातलं सगळं बळ गेलं. पालथा पडलो आणि पत्र्याच्या सांध्यावरच्या उभ्या शिवणीला दोन्ही हातांनी धरलं ते धरलं. मला हलताच येईना. आईला हाका मारत होतो मी, भटू. पँट ओली झाली, आणि ती ओल तिथल्या तिथं कडक होत गेलेली अजून मांडीला आठवते. खालून हॉटेलची माणसं ओरडत होती, त्यांचं एक अक्षर कळत नव्हतं. तू पोटावर सरपटत आलास, माझ्या अंगावरून हात टाकलास आणि कानाशी म्हणालास, "मी शे आठे. डोया मीच."

मी म्हणालो, "मन्हा हात सुटी नही ऱ्हायना."

"मंग नको सोडू. आते नंदुरबारना स्टँडवर उतर आनि कोरीट लगून चाल. काय काय लागस ते सांगत जाय."

आणि मी डोळे मिटून मूर्खासारखा ती वाट सांगायला लागलो. स्टँडबाहेरचा उसाचा रसवाला. मिरच्या वाळत टाकलेल्या त्या लालभडक पथाऱ्या, जिथून जाताना तुला शिंका यायच्या. मग तू हटकायचास, "वडनं झाड इसरना ना?" आणि मी मागे जाऊन वडाचं झाड घालायचो. मी बोलत होतो तोवर तू तुझे हातमोजे दातांनी काढलेस, कारण जाड हातमोज्यांनी माझी बोटं पकडीत येत नव्हती, आणि एकेक बोट उचकटत गेलास. एक सुटलं की दुसरं परत घट्ट धरायचं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. तुझे उघडे हात तेवढा वेळ त्या पत्र्यावर होते. मी सांगत सांगत डेअरीपर्यंत पोचलो तेव्हा माझे हात मोकळे होते. तू मला कमरेशी धरून शिडीपर्यंत आणलंस आणि खाली सगळ्यांना सांगितलंस, गोळा आला पायात, बाकी काही नाही. मग एकटा वर जाऊन पन्हळीतली वायर पुरी केलीस.

तुझ्या उजव्या हाताची दोन बोटं तेव्हाच मेली. आधी पांढरी झाली, मग काळी, नखं गेली. बोटं राहिली पण त्यांतला जीव गेला. वहिनी मिरच्या कुटायला बसली की तू तीच दोन बोटं तिखटाच्या डब्यात घालून दाखवायचास, "बघा, आग होस नही." लोकांना वाटायचं मोटारीचा शॉक लागला असेल. मीच तसं सांगितलं होतं.

गावात परत आल्यावर पहिल्याच दिवशी डेअरीच्या ओट्यावर तू गोष्ट सुरू केलीस. बर्फ कसा, बांध कसा, वायर कशी. तुला सांगायचं भारी वेड. आप्पा म्हणाले, "छप्पर तापाडतस? आनि लाइट बिल कोन भरस, तुन्हा सासरा?" हशा झाला. मग आप्पांनी माझ्याकडे बघितलं. "काय रे सुकलाल, तू व्हता ना संगे? खरं का हाई?"

मी मनालीच्या बाजारातला काळा गॉगल लावून उभा होतो. माझ्या लग्नाचं चाललं होतं. माझ्या डोक्यात एकच विचार आला, वायर खरी म्हटली तर छप्पर खरं होईल, छप्पर खरं झालं तर कुणीतरी विचारेल, मग तू काय केलंस तिथं? आणि भटू बोलायला सुरुवात केली की थांबत नाही. मी गॉगल सारखा केला आणि म्हणालो, "आम्हीन तं पंखा बसाडात. हाऊ काय सांगी ऱ्हायना, देवले माहीत."

पंखे. बर्फात. आणि गावाने पंख्यांवर विश्वास ठेवला.

तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं, आता संपलो. तू हसलास आणि म्हणालास, "हा, पंखा बी व्हतात." त्या दिवसापासून तू बर्फ्या झालास.

मी एकदाच घाबरून खोटं बोललो, तेवढं चालतं, असं मी स्वतःला सांगत आलो. पण ते एकदा नव्हतं. दर हिवाळ्यात तोरणमाळला गवतावर दव गोठल्याचा फोटो मोबाइलवर यायचा आणि तू तो सगळ्यांना दाखवत म्हणायचास, बघा, हे एवढंसं आपल्याकडे, तिथं छपरावर कमरेएवढं. लोक माझ्याकडे बघायचे आणि मी डोळा मारायचो. त्या वायरचा वीतभर तुकडा तू दुकानात खिळ्याला टांगला होतास. आप्पांनी तो माझ्या हातात दिला, "तुन्हं लाइटनं दुकान शे, तू सांग." मी तो उलटासुलटा करून बघितला, जणू पहिल्यांदाच बघतोय, आणि म्हणालो, ऱ्हास अशी वायर, कशामा बी ऱ्हास, कुठल्याही मोटारीत सापडेल अशी. तू तुकडा परत खिळ्याला लावलास. तुझी पाठ होती माझ्याकडे. ती पाठ आठवली की मला अजून लाज वाटते.

तू एकदाच बोललास. दुकानात आपण दोघंच होतो, तू मोटारीच्या आर्मेचरला तार गुंडाळत होतास. वर न बघता म्हणालास, "मी ती छपरावरनी गोट कोनले सांगस नही. सांगाव बी नही. तू फक्त येवढं म्हन, वायर व्हती." मी म्हणालो, बघू. तू म्हणालास, बरं. आणि चहा मागवलास.

बघू, बघू करत तुला जाळून आलो.

तू मागितलंस ते काय मोठं मागितलं होतं? लोकांनी तुला मोठा म्हणावं असं तुला कधीच वाटलं नाही. तुला फक्त ते बघितलेलं सांगायचं होतं. पांढऱ्याशुभ्र छपरावर काळ्या वायरचे दात आणि त्या दातांमधून वाट काढत आलेलं पाणी, हे तू बघितलं होतंस, तुझ्या हाताने केलं होतंस, आणि सगळ्या गावात ते बघितलेला दुसरा माणूस मी होतो. तुझा एकुलता एक साक्षीदार, आणि तो डोळे मारत बसला. तू मात्र माझ्या मुलाच्या बारशाला आलास, माझ्या दुकानाची सगळी वायरिंग केलीस, माझी आई गेली तेव्हा खांदा दिलास. कधी एक शब्द टोचून बोलला नाहीस. बोलला असतास तर बरं झालं असतं. भांडून मोकळा झालो असतो मी.

काल आप्पांनी तुझ्या दारावर पुन्हा तीच गोष्ट लावली. मायेनेच लावली, डोळे पुसत. "वर गया तं तठे बी देवले सांगी ऱ्हायना व्हई, छप्पर तापाडा म्हनीसन." लोक हसले. मी आत दाराकडे बघितलं. तुझी मुलगी कल्याणी उंबऱ्याशी उभी होती. ती हसत नव्हती.

मी म्हणालो, "वायर व्हती."

सगळे माझ्याकडे वळले. मी पुन्हा म्हणालो, "वायर व्हती आप्पा. आम्ही दोन्हीसनी बसाडी. भटू खरं सांगे."

आप्पांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "मैतर व्हता तुन्हा. आते तुले तसंच वाटाव."

"वाटस नही. मी डोयाघाई देखेल शे. पंखा नव्हतात. बर्फमा कोन पंखा लावस?"

मागून कुणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, बोलू द्या त्याले, मन मोकयं होस. दोघातिघांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं जशी आपण दुःखाने भ्रमिष्ट झालेल्या माणसाकडे बघतो. एवढी वर्षं मी खोटं बोललो तेव्हा मी शहाणा होतो. खरं बोललो तर त्यांना वाटलं, बिचाऱ्याचा मित्रावर केवढा जीव. आप्पांनी तर माझ्यासाठी पाणी मागवलं.

पाणी घेऊन कल्याणीच आली आणि म्हणाली, काका, जरा आत या. धुळ्याला नर्सिंगला गेल्यापासून ती शुद्धच बोलते, तुला त्याचं किती कौतुक. आत वहिनी भिंतीशी बसली होती, तुझ्या फोटोसमोर दिवा होता. फोटोत तुझा उजवा हात दिसतो आणि ती दोन बोटंही दिसतात.

ती म्हणाली, "काका, मला माहीत होतं वायर होती. पप्पांनी मला सगळं सांगितलंय."

मी वहिनीसमोर खाली बसलो. सगळं म्हणजे छपरावरचं तेही. मला धक्का बसला आणि त्याच क्षणी बरंही वाटलं, की चला, निदान एका जिवाला तू सांगितलंस, तुझं ओझं तेवढं तरी हलकं झालं होतं. आता मी फक्त हो म्हणायचं. मी म्हणालो, "मग तुला कळलंच असेल बेटा, मी कसा आहे."

"कळलंय ना," ती म्हणाली. "पप्पा सांगायचे, वर छपरावर ते स्वतः इतके घाबरले की पत्र्याला चिकटून बसले. रडत होते. हातमोजे पडून गेले, तरी हात सुटेना, म्हणून तर ही बोटं गेली. आणि तुम्ही सरपटत गेलात, त्यांना स्टँडपासून घरापर्यंत चालत आणलंत, एकेक बोट सोडवलंत. म्हणायचे, सुकलाल नसता तर तू जन्मलीच नसतीस."

भटू, काय केलंस रे हे?

मी म्हणालो, "नाही कल्याणी. उलटं झालं. घाबरलो मी होतो. रडलो मी. हातमोजे तुझ्या बापाने काढले, माझ्यासाठी. मी त्याला गावासमोर खोटं पाडलं, माझी अब्रू जाऊ नये म्हणून." सगळं बोललो. पँट ओली झाल्याचंसुद्धा बोललो, तुझ्या मुलीसमोर, वहिनीसमोर.

कल्याणीने सगळं ऐकून घेतलं. मग डोळे पुसले आणि हसली, अगदी तुझ्यासारखी, एका बाजूने.

"पप्पा म्हणायचेच," ती म्हणाली. "काकाला विचारशील तर तो सगळं स्वतःवर घेईल, मला लहान होऊ देणार नाही, म्हणून त्याला कधी विचारू नकोस."

मी वहिनीकडे बघितलं. वहिनीने पदराने तोंड दाबून मान हलवली, तिलाही तू तेच सांगितलं होतंस. मी पुन्हा तोंड उघडलं. पण आता काय सांगणार होतो? जितकं जास्त सांगेन तितका त्यांच्या नजरेत चांगला ठरत जाणार होतो. हे लिहिलेलं वाचलं तरी ती तेच म्हणेल.

मग तुझी मुलगी वाकली आणि माझ्या पाया पडली. मी पाय मागे घ्यायला हवे होते. त्या पत्र्यावर हात सुटत नव्हते तसे ते पाय हलले नाहीत, आणि या वेळी एकेक बोट सोडवायला तू नव्हतास.